नाडीयंत्राचा परिणाह व श्वासनलिकेचें माप

धुळ्याच्या एका भूलतज्ज्ञ स्नेह्यांनीं आम्हांस कांहीं दिवसांपूर्वीं एक प्रश्न घातला. छाती उघडून फुप्फुसावर शस्त्रक्रिया करावयाची असतां रोग्याच्या श्वासमार्गांत जी दुनळी नळी घालावी लागते, तिचें माप अचूक कसें निवडावें, ही त्यांची नित्याची चिंता आहे. त्यांच्या ऐकण्यांत असें आलें होतें कीं, श्वासनलिकेंत घालावयाची नळी आपल्या प्राचीन वैद्यांस ठाऊक होती, वाग्भटानें तिचें नांव 'कंठशल्यावलोकिनी' असें दिलें आहे व तिची लांबीरुंदीही सांगितली आहे. हें खरें काय, व खरें असल्यास त्या मापांचा आज कांहीं उपयोग आहे काय, असा त्यांचा प्रश्न. वैद्यक हा आमचा विषय नव्हे. परंतु पोथींतील माप आजच्या मापाशीं ताडून पाहणें हें इतिहाससंशोधकाचें काम आहे. आणि खानदेशच्या भूमींत ज्या कुळाचा मठ होता त्या कुळाच्या गणिताचा या कामीं उपयोग होतो असें आढळल्यावरून हा लेख लिहिण्याचें योजिलें.

प्रथम ती नळी कशी असते तें सांगितलें पाहिजे. मनुष्याची श्वासनलिका छातींत उतरल्यावर दुभंगते. एक शाखा उजव्या फुप्फुसांत व एक डाव्या फुप्फुसांत जाते. एका फुप्फुसावर शस्त्र चालवावयाचें तर तें मिटून स्वस्थ राहिलें पाहिजे व श्वासोच्छ्वास दुसऱ्यानें चालला पाहिजे. शिवाय रोगट बाजूचा पू किंवा रक्त निरोगी बाजूंत उतरतां कामा नये. म्हणून दोन पोकळ्या एकास एक जोडलेली नळी घालतात. तिची एक पोकळी श्वासनलिकेंत संपते व दुसरी पुढें वाढून एका शाखेंत शिरते. दोन्हीं ठिकाणीं हवेनें फुगणारी कडी असते, तिनें फट बुजते. डावी शाखा सुमारें पांच सेंटिमीटर लांब असते. उजवीस दोनच सेंटिमीटरांच्या आंत वरच्या खंडाचा फांटा फुटतो. म्हणून बहुधा डाव्या बाजूची नळी पसंत करितात. उजवीकडे चुकीस जागाच थोडी.

हा सर्व प्रकार फार जुना नाहीं. ग्लासगोच्या मॅकेवेन यानें १८७८ मध्यें शस्त्रक्रियेच्या वेळीं तोंडावाटे श्वासनलिकेंत नळी घातली. न्यूयॉर्कच्या ओड्वायर यानें १८८५ च्या सुमारास घटसर्पानें गुदमरणाऱ्या मुलांसाठीं लहानमोठ्या नळ्यांचा संच केला व कोणत्या वयास कोणती नळी हें दाखविणारी पट्टीही त्या संचांत ठेविली. ही पट्टी वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम आहे. फुगणारी कडी ग्युडेल व वॉटर्स यांनीं १९२८ मध्यें प्रचारांत आणिली. गेल व वॉटर्स यांनीं १९३२ मध्यें एकाच फुप्फुसास वारा देण्याची रीत वर्णिली. आणि स्वीडनच्या कार्लेन्स यानें १९४९ मध्यें दुनळी नळी प्रसिद्ध केली. कार्लेन्सचा मूळ हेतु शस्त्रक्रियेचा नव्हता, दोन्ही फुप्फुसांची शक्ति वेगवेगळी मोजण्याचा होता. नळी फार खोल जाऊं नये म्हणून त्यानें तिला एक आंकडा ठेविला. तो श्वासनलिकेच्या दुभागावर अडकून बसे. रॉबर्टशॉ यानें १९६२ मध्यें आंकडा काढून टाकून लहान, मध्यम व मोठी अशा नळ्या केल्या.

आजच्या नळ्यांवर ३५, ३७, ३९, ४१ असे अंक असतात. अगदीं ठेंगण्या स्त्रियांसाठीं ३२ चीही मिळते. प्रचलित कोष्टक असें: १६० सेंटिमीटरांहून ठेंगण्या स्त्रीस ३५, उंच स्त्रीस ३७, १७० सेंटिमीटरांहून ठेंगण्या पुरुषास ३९, उंच पुरुषास ४१. पण उंचीवरून श्वासनलिकेची रुंदी नीट कळत नाहीं, असा अनुभव आल्यावरून ब्रॉडस्की व त्याचे सहकारी यांनीं १९९६ मध्यें निराळी रीत सुचविली. छातीच्या क्ष-किरणचित्रावर श्वासनलिकेचीच रुंदी मोजावी. ती १८ मिलिमीटर वा अधिक असल्यास ४१, १६ असल्यास ३९, १५ असल्यास ३७ व १४ असल्यास ३५ अंकाची नळी घ्यावी. सिंगापूरच्या वैद्यांनीं १९९८ मध्यें ही रीत आशियांतील रोग्यांवर ताडून पाहिली, तेव्हां विशेषतः स्त्रियांच्या बाबतींत ती पुष्कळ वेळां चुकली. परदेशांतील देहांवरून केलेलें कोष्टक खानदेशांतील शेतमजूर बाईस जसेंच्या तसें लावणें धोक्याचें, ही आमच्या स्नेह्यांची तक्रार म्हणून निराधार नाहीं. नळी मोठी पडली तर स्वरयंत्र व श्वासनलिका खरवडते, प्रसंगीं फाटते. लहान पडली तर पुढें सरकून वरच्या खंडाचें तोंड बुजविते, किंवा फट भरण्यासाठीं कडींत इतकी हवा भरावी लागते कीं तिच्या दाबानेंच भिंतीस इजा होते. हल्लीं छातीचीं आडव्या छेदांचीं चित्रें संगणकावर मिळतात. त्यांवर डाव्या शाखेचीच रुंदी मोजणें सर्वांत बरें.

आतां या अंकांविषयीं. पॅरिसमध्यें शार्येर नांवाचा शस्त्रें करणारा प्रसिद्ध कारागीर एकोणिसाव्या शतकांत होऊन गेला. नळीचा बाहेरील व्यास मिलिमीटरांत घेऊन त्याची तिप्पट म्हणजे नळीचा अंक, हा हिशेब त्याचा. यावरून अंक म्हणजे घेरच, अशी समजूत सहज होते. ती चुकीची आहे. घेर व्यासाच्या तिपटीहून अधिक असतो, व किती अधिक हें आमच्या भास्कराचार्यानें लीलावतींत सांगून ठेविलें आहे: सूक्ष्म प्रमाण १२५० स ३९२७ व व्यवहारास पुरेसें स्थूल प्रमाण ७ स २२. अंक ३७ घेतला तर व्यास सव्वाबारा मिलिमीटरांस किंचित् अधिक व घेर पावणेएकोणचाळीस मिलिमीटर येतो, सदतीस नव्हे. फरक पावणेदोन मिलिमीटरांचा. थोडा वाटेल, पण एका अंकाच्या नळींत व तिच्या पुढच्या नळींत घेराचा फरक दोन मिलिमीटरांचाच असतो. म्हणजे अंकास घेर समजणारा मनुष्य जवळजवळ एक पायरी चुकतो.

लीलावतीचा उल्लेख येथें केवळ शोभेसाठीं केलेला नाहीं. जळगांव जिल्ह्यांत चाळीसगांवाजवळ सातमाळ्याच्या पायथ्याशीं पाटण म्हणून उजाड गांव आहे. तेथील देवीच्या देवालयांतील शके ११२८ चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं १८६५ मध्यें प्रसिद्ध केला, व पुढें कीलहॉर्न यांनीं तो एपिग्राफिया इंडिकाच्या पहिल्या खंडांत पुन्हा संपादिला. यादव सिंघणाचा मुख्य ज्योतिषी चांगदेव हा भास्कराचा नातू. त्यानें आजोबाच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठीं तेथें मठ स्थापिला व निकुंभ वंशाच्या सोइदेव व हेमाडिदेव या मांडलिक बंधूंनीं त्यास देणग्या दिल्या. भास्कराचें जन्मस्थान पाटण कीं आणखी कोठें, या वादांत शिरण्याचें येथें कारण नाहीं. त्याचें गणित शिकविण्यासाठीं खानदेशांत मठ होता एवढें निर्विवाद आहे. लेख उजेडांत आणणारे भाऊ दाजी हे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांतून १८५१ मध्यें बाहेर पडलेल्या पहिल्या वैद्यांपैकीं होते, हा योगही लक्षांत घेण्यासारखा आहे. त्यांच्याच हातीं रोग्याची नाडी व शिळेवरील अक्षर हीं दोन्हीं होतीं.

लीलावतींत आठ यवांचें एक अंगुळ व चोवीस अंगुळांचा एक हात असें कोष्टक आहे. हात अठरा इंचांचा धरिला तर अंगुळ पाऊण इंचाचें, म्हणजे सुमारें १९ मिलिमीटरांचें, व यव सुमारें २.४ मिलिमीटरांचा येतो. या हिशेबानें ३७ अंकाच्या नळीचा घेर दोन अंगुळांस किंचित् जास्त भरतो. आणि एका नळींतून दुसरी निवडतांना जो भेद करावयाचा, तो एका यवाहूनही कमी आहे.

हीं मापें हातीं घेऊन वाग्भटाकडे वळूं. अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानांतील यंत्रविधीच्या अध्यायांत कंठशल्यावलोकिनी नाडी सांगितली आहे, हें खरें. ती दहा अंगुळें लांब व तिचा नाह, म्हणजे घेर, त्याच्या अर्धा, म्हणजे पांच अंगुळें. लांबीवरून कांहीं निर्णय होत नाहीं. दहा अंगुळें म्हणजे सुमारें १९ सेंटिमीटर, आणि हातांत धरावयाचा भाग त्यांतच आला. निर्णय होतो तो घेरावरून. पांच अंगुळें घेर, तर भास्कराच्या सूक्ष्म प्रमाणानें व्यास १.५९ अंगुळें, म्हणजे ३० मिलिमीटर. प्रौढ पुरुषाची श्वासनलिका पंधरा ते वीस मिलिमीटर रुंद. तींत ही नळी शिरणें अशक्य. कोणी म्हणेल, अंगुळ लहान धरा. अठरा मिलिमीटरांच्या श्वासनलिकेंत ही नळी जावयाची तर अंगुळ सव्वाअकरा मिलिमीटरांचें असावें लागेल. इतक्या बारीक बोटाचा प्रौढ मनुष्य आमच्या पाहण्यांत नाहीं. कोणी 'अर्ध' या पदाचा अर्थ 'अर्धें अंगुळ' असा करील. तसें केल्यास व्यास तीन मिलिमीटर निघतो, आणि तेवढ्या छिद्रांतून एकोणीस सेंटिमीटरांपलीकडे घशांतलें शल्य पाहणें कोणास साधेल? नांवच 'अवलोकिनी' असतां हा अर्थ टिकत नाहीं.

तात्पर्य, ही नळी घशाच्या पोकळींत ठेवून आंत पाहण्याची आहे, श्वासासाठीं नाहीं. सुश्रुतानें सूत्रस्थानांत कंठांत अडकलेला लाखेचा तुकडा काढण्याची जी कृति दिली आहे ती याच जातीची: घशांत नळी घालावी, तिच्यांतून तापविलेली शलाका नेऊन लाखेस चिकटवावी, थंड पाण्यानें ती घट्ट करावी व ओढून काढावी. नळी आहे ती तप्त शलाकेनें घसा भाजूं नये म्हणून. युक्ति उत्तम आहे. पण ती श्वासनलिकेंतील नळी नव्हे, आणि प्राचीनांच्या गौरवासाठीं तिला तसें म्हणणें म्हणजे त्यांनीं न केलेलें काम त्यांच्या माथीं मारून त्यांनीं केलेलें काम झांकणें आहे.

आणि केलेलें काम थोडें नाहीं. सुश्रुतानें यंत्रें एकशेंएक सांगितलीं. त्यांत नाडीयंत्रें वीस. त्यांच्या मापाचा सामान्य नियम त्यानें दोनच पदांत दिला आहे. घेर, म्हणजे परिणाह, स्रोताच्या द्वाराइतका असावा. लांबी कार्यास योग्य तेवढी असावी. देहाची उंची, वजन, जात यांचा येथें उल्लेख नाहीं. ज्या मार्गांत नळी जावयाची तो मार्गच मोजावा, हें तत्त्व ब्रॉडस्कीच्या १९९६ च्या रीतीचेंही आहे. वाग्भटानेंही शल्य पाहण्याच्या इतर नाड्या शल्याचा आकार, घेर व लांबी पाहून करवाव्या असें म्हटलें आहे.

पण मार्ग डोळ्यांस दिसत नसला तर काय करावें? बस्तीच्या प्रकरणांत याचें उत्तर मिळतें. आमच्या मतें नळीच्या मापाचा सर्वांत बारीक विचार आपल्या वैद्यकांत येथेंच झाला आहे, परंतु विषय ओंगळ वाटत असल्यामुळें आमच्यासारखे लोक तीं पानें उलटून पुढें जातात. बस्तीच्या नळीस 'नेत्र' म्हणतात. सुश्रुताच्या चिकित्सास्थानांत एक, आठ व सोळा वर्षांच्या रोग्यांस अनुक्रमें सहा, आठ व दहा अंगुळांचें नेत्र सांगितलें आहे. जाडी करंगळीएवढी, अनामिकेएवढी व मधल्या बोटाएवढी. शेंड्यापासून दीड, दोन व अडीच अंगुळांवर कर्णिका, म्हणजे कडें. आंतील प्रवेश कंक, श्येन व मोर यांच्या पिसाच्या नळीएवढा, आणि छिद्र मूग, उडीद व वाटाणा यांच्या मानाचें. पंचविसाव्या वर्षापुढें नेत्र बारा अंगुळांचें, मूळाशीं आंगठ्याएवढें, शेंड्याशीं करंगळीएवढें, कर्णिका तीन अंगुळांवर. कर्णिकेचें प्रयोजन उघड आहे: नळी ठरल्या खोलीपलीकडे जाऊं नये. कार्लेन्सचा आंकडा हेंच काम करीत होता.

ओड्वायरच्या पट्टीशीं हें कोष्टक ताडून पाहावें. वयावरून नळी ठरविणें तेंच. चरकसंहितेंत सहा, बारा व वीस वर्षांस सहा, आठ व बारा अंगुळें आहेत. वाग्भटांत वर्षाच्या आंतील बालकास पांच, पुढें सातव्या वर्षापर्यंत सहा, सातव्या वर्षीं सात, बाराव्या वर्षीं आठ, सोळाव्या वर्षीं नऊ व विसाव्या वर्षानंतर बारा. तिघांचीं कोष्टकें तंतोतंत जुळत नाहींत. त्यांचा मेळ घालण्याची खटपट आम्हीं करीत नाहीं. कारण मधल्या वर्षांसाठीं वय, बल व शरीर पाहून माप वाढवावें असें सुश्रुत व वाग्भट दोघांनींही स्पष्ट म्हटलें आहे. कोष्टक हा आरंभ. निर्णय समोरच्या देहावरून.

येथें एक शंका येते. हीं बोटें कोणाचीं, वैद्याचीं कीं रोग्याचीं? आमचें मत, रोग्याचीं. चरकसंहितेंत आंगठ्याचें व करंगळीचें माप वयास अनुसरून घ्यावें असें आहे, व वाग्भटानें 'स्व' हें पद घातलें आहे. वैद्याचीं बोटें धरिलीं तर वयाच्या उल्लेखास अर्थ राहत नाहीं. वैद्याचा आंगठा रोग्याच्या वयाबरोबर वाढत नाहीं. शिवाय शरीराचीं मापें रोग्याच्याच अंगुळांनीं घ्यावीं हा दोन्ही संहितांचा सामान्य संकेत आहे; चरक पुरुषाची उंची ८४ अंगुळें सांगतो व सुश्रुत १२० सांगतो, तरी अंगुळ मात्र दोघांचें ज्याचें त्याचें. या अर्थानें पाहिल्यास कोष्टकांतील एक खुबी ध्यानांत येते. बालकाचें नेत्र सहा अंगुळें व प्रौढाचें बारा. पण बालकाचें अंगुळ लहान व प्रौढाचें मोठें, म्हणून प्रत्यक्ष लांबी दुपटीहून बरीच अधिक वाढते. अंक व एकक दोन्ही देहाबरोबर वाढतात.

आजच्या शल्यगृहांतही मुलाच्या करंगळीच्या जाडीची नळी घ्यावी असा एक संकेत चालत आलेला आहे. हा संकेत सुश्रुतावरून तिकडे गेला असें आमचें म्हणणें नाहीं. ज्यास माप हवें व पट्टी जवळ नाहीं त्यास बोट सुचणारच. सत्याच्या पक्षानें हेंही सांगितलें पाहिजे कीं, परीक्षण केलें असतां बोटाची रीत भरवशाची ठरली नाहीं, व वयास चारांनीं भागून त्यांत चार मिळवावे, म्हणजे आंतील व्यास मिलिमीटरांत येतो, हें साधें सूत्रच बरें ठरलें. तेंही मुलांपुरतें.

नळी चुकली तर काय होतें याचा विचार चरकसंहितेच्या सिद्धिस्थानांत आहे. हा भाग दृढबलानें पुरा केलेला. त्यांत वर्ज्य नेत्रें आठ: आंखूड, लांब, बारीक, जाड, जुनें, सैल बांधलेलें, बाजूस छिद्र असलेलें व वांकडें. आणि प्रत्येकाचा दोष क्रमानें: आंखूड पोहोंचत नाहीं, लांब अति पुढें जातें, बारीक क्षोभ करितें, जाड ओढून खरवडतें, जुनें जखम करितें, सैल गळतें, छिद्राचें पीडा देतें, वांकड्याची गति वांकडी होते. आम्हीं ही यादी आमच्या स्नेह्यांस वाचून दाखविली, तेव्हां ते म्हणाले कीं पहिले चार दोष त्यांच्या विद्यार्थ्यांस पाठ करावयास लावण्याजोगे आहेत. शरीरांतील मार्ग वेगळा, काम वेगळें, पण नळी ही नळीच. मात्र बारीक नळी घेतली म्हणजे निर्धोक झालों, ही समजूत सर्वत्र आहे, ती दृढबलास नव्हती.

राहिली एक गोष्ट. एकाच अंकाच्या नळ्या निरनिराळ्या कारखान्यांच्या असल्या तर शाखेंत जाणाऱ्या भागाची जाडी सारखी नसते, असें मोजणाऱ्यांस आढळलें आहे. अंक श्वासनलिकेंतील भागाचा. अडचण होते ती पुढच्या भागाची. पाटणच्या शिलालेखाचा शेवटला भाग मराठींत आहे व त्यांत मठास मिळावयाचीं उत्पन्नें लिहिलीं आहेत. घाण्यामागें पळी पळी तेल सांगून झाल्यावर, येथें जें मापावयाचें तें मठाच्याच मापानें मापावें अशी ताकीद आहे, व मापणावळीचा वांटाही मठास लावून दिला आहे. पेठेंत मापें अनेक असलीं म्हणजे भांडण होतें, हें त्या लिहिणाऱ्यास ठाऊक होतें. आमच्या स्नेह्यांनीं आतां प्रत्येक नवी नळी उघडतांच तिचा पुढचा भाग कर्कटानें मोजून वहींत टिपण्याचा परिपाठ ठेविला आहे.

अष्टांगहृदयावर यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्रि याची आयुर्वेदरसायन नांवाची टीका आहे. सूत्रस्थानावर ती मिळते, व अरुणदत्ताच्या सर्वांगसुंदरेसह निर्णयसागर छापखान्यानें १९३९ मध्यें हरिशास्त्री पराडकर यांच्याकडून ती छापविली. खानदेशांतील वैद्यघराण्यांच्या दप्तरांत अष्टांगहृदयाच्या पोथ्या असण्याचा संभव पुष्कळ आहे. धुळ्यास राजवाडे संशोधन मंडळ व समर्थ वाग्देवता मंदिर येथें पोथ्यांचा मोठा संग्रह आहेच. ज्या संग्राहकांजवळ सूत्रस्थानाची सटीक किंवा निर्टीक पोथी असेल, त्यांनीं बस्तिविधीचा एकोणिसावा व यंत्रविधीचा पंचविसावा अध्याय काढून तीन स्थळें पाहावीं: कंठशल्यावलोकिनीचा घेर, नेत्राच्या जाडीजवळचें 'स्व' हें पद, आणि मूग, उडीद, वाटाणा यांचा क्रम. समासांत कोणा वैद्यानें बोटांच्या किंवा नळीच्या आकृति काढिल्या असल्यास त्यांची रेघ न रेघ उतरून घ्यावी, व पानाची लांबीरुंदी बरोबर लिहावी. आकृति पूर्ण मापाची असेल तर ती पट्टीनें मोजतां येईल, आणि त्या वैद्याचें अंगुळ किती होतें तें कळेल.